नातवंडांच्या हायस्कूलचा क्रीडा विभाग : पीटी मास्तरचा शेरा

शिकागोच्या पश्चिमेला डुपेज काउंटीत घर घेणारी आपली मंडळी आधी शाळेचं रेटिंग बघतात, मग स्वयंपाकघर. दहापैकी नऊ, दहापैकी दहा. गणिताचा निकाल, एपीचे, म्हणजे शाळेतच शिकवले जाणारे कॉलेजच्या पातळीचे, विषय किती, कुठल्या कॉलेजात किती पोरं गेली. माझ्या मुलानेही तेच केलं आणि त्यात वावगं काही नाही. पण त्या रेटिंगमध्ये मैदानाचा एक गुण नसतो. पोरं दुपारी तीननंतर सहापर्यंत जिथे असतात, त्याबद्दल कुणी चकार शब्द लिहीत नाही. म्हणून हा अभिप्राय. माझी सगळी नोकरी पीटी शिकवण्यात गेली, कोटाच्या खिशात शिट्टी अजून सापडते, त्यामुळे शाळा बघायची तर मी आधी ग्राउंड बघतो. शाळेचं नाव लिहीत नाही. काही कडू लिहायचंय आणि नातवंडांना अजून तिथेच शिकायचंय. तशीही या पट्ट्यातली बहुतेक हायस्कूलं एकाच साच्यातली आहेत.

ट्रॅक ४०० मीटरचा, रबरी, आठ लेनचा. मध्ये अमेरिकन फुटबॉलसाठी कृत्रिम गवत. आम्ही फक्की टाकून २०० मीटरचा ट्रॅक आखायचो. रात्री पाऊस पडला की सकाळी पुन्हा दोरी, खुंट्या आणि दोन दांडगी पोरं घेऊन उभं राहायचं. इथे रेषा कायमच्या. बॅटन कुठून कुठपर्यंत बदलायचा, हर्डल कुठे ठेवायचा, सगळ्या खुणा वेगवेगळ्या रंगांत. मी उकिडवा बसून रबर बोटाने दाबून पाहिलं, तर सूनबाई म्हणाल्या, “बाबा, उठा, लोक बघतायत.” बघू देत. पहिल्या लेनमध्ये वळणावर रबर झिजून खालचं डांबर दिसायला लागलंय आणि आठवी लेन नवीकोरी आहे. म्हणजे ट्रॅक रोज तुडवला जातो, उद्घाटनापुरता नाही. मला ते डांबर बघून बरं वाटलं.

हे सगळं येतं घरपट्टीतून. इकडे प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलात सगळ्यात मोठा वाटा शाळांचा असतो. जून आणि सप्टेंबर असे दोन हप्ते. मुलाचं बिल पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते पाच वर्षांचं एकत्र आलंय असं वाटलं होतं. एवढे पैसे दिल्यावरही खेळाची फी वेगळी, बूट वेगळे, संघाचा शर्ट वेगळा. आणि डॉक्टरचा दाखला हवाच. इलिनॉय हायस्कूल असोसिएशनचा, म्हणजे राज्यभरच्या शाळांचे सामने चालवणाऱ्या संस्थेचा, नियम असा की तो दाखला ३९५ दिवस चालतो. वर्ष आणि वर ३० दिवस. ज्याने हा नियम केला त्याला माणसांचा आळस नीट कळला होता. दाखला नसेल तर पहिल्या सरावाला मैदानाबाहेर बसवतात, मग पोरगा कितीही चांगला असो.

फुटबॉलबद्दल सगळेच बोलतात, मी थोडक्यात आटपतो. शुक्रवारची संध्याकाळ, बारा-बारा मिनिटांचे चार क्वार्टर, म्हणजे खेळ अठ्ठेचाळीस मिनिटांचा आणि घरी यायला रात्रीचे दहा. निम्मा वेळ पोरं कोंडाळं करून कुजबुजत असतात. बँड मात्र अव्वल. मध्यंतरात शेकडा पोरं वाजवत वाजवत मैदानभर आकृत्या करतात आणि वळणावर रांग तुटत नाही. स्वातंत्र्यदिनाच्या संचलनासाठी महिना महिना घसा फोडलेल्या माणसाला याची किंमत कळते. खायला ‘वॉकिंग टाको’ घ्या. चिप्सचं पाकीट फोडून त्यातच खिमा आणि चीज ओतून देतात. शाकाहारी असाल तर खिम्याऐवजी बीन्स आहेत का ते विचारा. मीठ जास्त पडतं. पण टपरी पालक चालवतात आणि नफा खेळाडूंच्या निधीत जातो, म्हणून कुरकुर करू नये.

आता ज्या खोलीला मी पैकीच्या पैकी देईन ती. जिमच्या मागे, कपाटांच्या रांगेशेजारी ॲथलेटिक ट्रेनरची खोली आहे. हा व्यायाम घेणारा माणूस नव्हे. दुखापतींचं रीतसर शिक्षण घेतलेला, परवाना असलेला माणूस, आणि त्याला कुठल्याही संघाच्या हारजितीशी देणंघेणं नाही. खोलीत दोन उंच टेबलं, बर्फाचं यंत्र, टेपची रिळं आणि भिंतीवर विजेचा झटका देऊन हृदय सुरू करणारं यंत्र. नातीचा घोटा मुरगळला तेव्हा मी तिच्याबरोबर आत गेलो. त्याने पाय हातात घेऊन आधी दुसरा, चांगला पाय तपासला. मी मनात म्हटलं, हा शिकलेला आहे. मग टेप बांधताना टाच वरून, खालून, आतून अशी गुंडाळत शेवटी नातीला उभं करून एका पायावर तोल सांभाळायला लावलं. तिला जमेना. “आज नाही, गुरुवारी ये,” एवढंच म्हणाला. तिच्या कोचने दारातून डोकं घालून विचारलं, उद्याच्या सामन्याला चालेल का? त्याने मान हलवली आणि कोच गेल्या. वाद नाही, विनवणी नाही. मी इतक्या शाळा पाहिल्या, कोचला नाही म्हणू शकणारा माणूस शाळेच्याच पगारावर ठेवलेला मी इथेच पाहिला.

डोक्याच्या माराबाबत तर इलिनॉयमध्ये २०१५ पासून कायदाच आहे. शंका आली की पोरगा बाहेर. लेखी मोकळीक मिळेपर्यंत परत नाही, आणि मिळाली तरी पायरीपायरीने : आधी वर्गातला अभ्यास, मग हलकं पळणं, मग सराव, मग सामना. आपल्याकडे अजूनही तोंडावर पाणी मारून ‘चल ऊठ, काही झालं नाही’ चालतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय. विजेचंही तसंच. शेवटचा गडगडाट ऐकू आल्यापासून ३० मिनिटं मैदान बंद आणि मध्ये पुन्हा गडगडलं की घड्याळ पहिल्यापासून. ऑगस्टमध्ये ऊन, दमटपणा आणि वारा एकत्र धरून एक आकडा देणारं छोटं यंत्र तिपाईवर लावतात. आकडा चढला की विश्रांती वाढते, फार चढला की सराव रद्द. कोणाचा अंदाज नाही, कोणाची मर्दानगी नाही.

नातवाचा खेळ क्रॉसकंट्री, म्हणजे ट्रॅक सोडून मोकळ्या रानातलं लांब पळणं. तसा तो अभ्यासातला, हडकुळा आणि चेंडू दिसला की डोळे मिटणारा मुलगा. पण क्रॉसकंट्रीत निवड चाचणी नाही. जो येईल त्याला घेतात. दाखला असला आणि रोज आलास की तू संघात. ही प्रथा या भागात जुनी आहे. इथून जवळच एल्महर्स्टच्या यॉर्क हायस्कूलमध्ये जो न्यूटन नावाचे कोच होऊन गेले. त्यांच्या संघांनी राज्यविजेतेपद २८ वेळा मिळवलं, आणि तेही कुणालाही परत न पाठवता. शंभरावर पोरं एका वेळी पळायची. माझ्या नातवाचे कोच त्यांचं नाव असं घेतात, जसं आपले जुने वस्ताद गुरूचं नाव घेताना कानाला हात लावतात.

शर्यत तीन मैलांची, गवतावर, चढउतारावर. गुणांची पद्धत मला फार आवडली. वरच्या गटात एका संघाचे सात जण पळतात, त्यातल्या पहिल्या पाचांचे क्रमांक मिळवायचे, ज्याची बेरीज कमी तो जिंकला. सहावा आणि सातवा बेरजेत नाहीत. पण त्यांनी दुसऱ्या संघाच्या पाचव्याला मागे टाकलं तर त्या संघाची बेरीज वाढते. म्हणजे एकटा घोडा पुढे काढून भागत नाही. पाचवा किती मागे आहे यावर सगळं. राज्याची अंतिम शर्यत नोव्हेंबरच्या सुरुवातीला पिओरियाच्या डेटवायलर पार्कमध्ये होते. नातू तिथे पळेल असं मला वाटत नाही, त्यालाही नाही.

तो पळतो खुल्या शर्यतीत, जिथे बाकीचे सगळे एकदम सुटतात. एका शनिवारी सकाळी मी कुंपणापाशी उभा होतो. दवाने गवत ओलं आणि सुरुवातीच्या रेषेवर पांढरा रंग फवारलेला. फक्कीचीच बहीण, फक्त डब्यातली. पिस्तूल झाडलं आणि दोन-तीनशे पोरं एकाच दिशेने सुटली. वीस मिनिटांच्या आसपास वरचे येऊन गेले, मग गर्दी आली, मग तुरळक. नातू तुरळकांत. त्याच्याही मागे एक गुबगुबीत मुलगा चालत-पळत येत होता. वरच्या गटातली, मघाशी पदकं घेतलेली पोरं थंडगार गवतावर मोजे काढून बसली होती. ती उठली, शेवटच्या दोनशे मीटरवर दोन्ही बाजूंना उभी राहिली आणि त्याचं नाव घेऊन ओरडू लागली. कोच घड्याळ बंद न करता उभे. मुलगा आला, त्यांनी वेळ सांगितली, वर म्हणाले, “मागच्या वेळेपेक्षा चाळीस सेकंद कमी.” म्हणजे शेवटच्या पोराची मागची वेळ त्यांना पाठ होती. या एका गोष्टीसाठी मी क्रीडा विभागाचे बाकीचे पुष्कळ गुन्हे माफ करायला तयार आहे.

पण गुन्हे आहेत. नात नववीत आली तेव्हा व्हॉलीबॉलच्या निवड चाचणीला गेली. चाचणी ऑगस्टमध्ये, शाळा सुरू व्हायच्याही आधी. उंची बरी, हात चांगला, आधीच्या मिडल स्कूलमध्ये खेळलेली. यादी लागली, नाव नाही. निवडलेल्या बहुतेक मुली चौथी-पाचवीपासून खासगी क्लबात खेळणाऱ्या. क्लबची वर्षाची फी हजारो डॉलर, वर परराज्यातल्या स्पर्धा, हॉटेलं आणि आईबापांचे शनिवार-रविवार. शाळा सरकारी, जिम सरकारी, कर सगळ्या गावाचा, आणि संघात शिरायची वाट खासगी क्लबातून. कोचला दोष कसा देणार? दोन-तीन दिवसांत पोरींचा एवढा घोळका बघायचा तर ज्यांना खेळ येतो त्याच उचलणार. पण शिकवायचं काम मग कोणाचं? आम्ही सातवीतल्या पोरीला खो देताना पाठीवर हात कसा ठेवायचा इथपासून शिकवलं, ते शाळेचंच काम होतं. बास्केटबॉल, बेसबॉल, सॉकर सगळीकडे हीच रड. मोठ्या शाळेत हे जास्त जाचतं, कारण अडीच-तीन हजार मुलं असोत की सहाशे, बास्केटबॉलला उभे पाचच राहतात. रेटिंग बघून मोठी शाळा निवडणाऱ्यांनी एवढं गणित मांडून बघावं. २०२३-२४ साली देशभरातल्या हायस्कूल खेळाडूंची संख्या पहिल्यांदा ८० लाखांपलीकडे गेली, असं मोठ्या अभिमानाने सांगतात. आकडा खरा आहे. पण दोन खेळ खेळणारा त्यात दोनदा मोजला जातो आणि यादीत नाव नसलेली कुठेच मोजली जात नाही.

नात मग बॅडमिंटनला गेली. इलिनॉयमध्ये बॅडमिंटन हा शाळांचा अधिकृत खेळ आहे हे आपल्या लोकांना इथे येईपर्यंत माहीत नसतं. मोसम मार्च ते मे, राज्य स्पर्धा फक्त मुलींची. मुलग्यांसाठी नाही. नातू त्यावरून अजून धुसफुसतो. १९७२ च्या टायटल नाइन कायद्याने मुलींना खेळात बरोबरीची संधी द्यावी लागली, त्यानंतर मुलींचे संघ भराभर उभे राहिले. आमच्या सूनबाई म्हणतात, एकदा तरी मुलग्यांना वाट बघू दे. गळ टाकून मासे पकडण्याची राज्य स्पर्धा मात्र याच असोसिएशनने २००९ पासून सुरू केलीय, बुद्धिबळही आहे. क्रिकेट नाही. न्यूयॉर्क शहराच्या सरकारी शाळांत ते २००८ पासून आहे, तेव्हा आशा सोडू नये.

बॅडमिंटनला वागणूक सावत्र. मोठी जिम दुसऱ्यांना, यांना जुनी. तिथल्या लाकडी जमिनीवर बास्केटबॉलच्या काळ्या रेषा, व्हॉलीबॉलच्या लाल आणि त्यांच्या जंजाळात बॅडमिंटनच्या फिकट पिवळ्या. नवीन पोरगी शटल बाहेर गेलं की आत, हेच ठरवू शकत नाही. वर छताला हवेचे झोत. एका बाजूने उंच सर्व्हिस केली की शटल हातभर सरकतं, म्हणून अनुभवी मुली नाणेफेक जिंकली की आधी बाजू मागतात. सरावाला प्लास्टिकचं शटल. कोच दिवसा रसायनशास्त्र शिकवतात. हा खेळ आपण निम्मा पालकांकडून शिकलो असं त्या हसत सांगतात. आणि ते खरंय. बाकड्यांवर तेलुगू, चिनी, तमिळ, मराठी, थाई अशी मंडळी बसलेली असतात आणि प्रत्येकाला बॅकहँडबद्दल मत असतं. खेळाचा दर्जा म्हणाल तर चांगला. वरच्या दोन मुली तर आपल्याकडे जिल्ह्याला आरामात निघाल्या असत्या. टाळ्या वाजवायला मात्र आईबाप सोडून कुणी नाही. शुक्रवारच्या त्या गर्दीतली दहा माणसं इकडे वळवता आली असती, कुणी मनावर घेतलं असतं तर.

अभ्यासाचं काय, हा प्रश्न येणारच. आपल्याकडे खेळाडूला दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात, इथे उलटी पट्टी. असोसिएशनच्या नियमाप्रमाणे दर आठवड्याला २५ क्रेडिट तासांचे, म्हणजे साधारण पाच विषय पास असावे लागतात. नसतील तर पुढचा आठवडा बाकावर. शाळा यादी काढते आणि कोचच्या हातात देते. मला हे पटलं. फक्त पोरं अवघड विषय सोडून सोपे घेतात की काय, तेवढं घरच्यांनी बघावं.

पीटीच्या तासाला पोरं मनगटाला पट्टा बांधून पळतात, हृदयाचे ठोके त्यात दिसतात. याचं श्रेय याच भागातल्या नेपरव्हिलच्या फिल लॉलर या पीटी शिक्षकाला. १९९० च्या दशकात त्यांनी पहिला कोण आला याऐवजी प्रत्येकाने आपल्या ताकदीप्रमाणे किती जोर लावला यावर गुण द्यायला सुरुवात केली. जाडी मुलगी शेवटची आली तरी तिचे ठोके सांगतात की तिने सगळ्यांपेक्षा जास्त मेहनत केली. हे यंत्र माझ्या वेळी असतं तर मी मुख्याध्यापकांच्या टेबलावर आपटलं असतं.

स्कॉलरशिपच्या आशेने कुणी मुलाला खेळात ढकलत असेल तर एक आकडा सांगून ठेवतो. हायस्कूलमध्ये खेळणाऱ्यांपैकी कॉलेजच्या संघात जेमतेम ७ टक्के पोहोचतात आणि कॉलेज स्पर्धांच्या सगळ्यात वरच्या विभागात २ टक्क्यांच्या आसपास. त्यातही पूर्ण फी माफ होणारे थोडे. क्लबच्या हजारो डॉलरांचा हिशेब या आकड्याशेजारी ठेवून करा.

घर बघायला जाल तेव्हा शाळेच्या क्रीडा कार्यालयातही एक चक्कर मारा. कुठल्या खेळांत निवड चाचणी नाही ते विचारा. ट्रेनर पूर्ण वेळचा आहे की दोन शाळांत वाटलेला, ते विचारा. सराव संपल्यावर उशिराची बस आहे का हेही विचारा, कारण नोकरी करणाऱ्या आईबापांचं सगळं घोडं तिथेच अडतं. आमच्या शाळेत बस आहे, पण वेळेवर येत नाही आणि डिसेंबरच्या थंडीत पोरं दारात कुडकुडत उभी असतात. त्यासाठी मी एक गुण कापलाय, बॅडमिंटनसाठी एक आणि निवड चाचण्यांसाठी दीड. उरले साडेसहा, आणि मी गुण देण्यात कधीच सढळ नव्हतो.

गावात राहणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांना घरच्या मैदानावरच्या सामन्यांचा मोफत पास मिळतो. आपणहून कुणी सांगत नाही, कार्यालयात मागावा लागतो. पत्त्याचा पुरावा न्या, आणि दुपारी अडीचच्या आत जा. नंतर खिडकी बंद होते.